योरुबा वारशाचं फिरतं संग्रहालय: त्याचा मार्ग कुठून कुठे असावा?

खाडीकाठ (धागाकर्ती)

लागोसला राहायला आल्यापासून योरुबा लोकांच्या इतिहासाने मला असं धरून ठेवलंय की सुट्टीचा दिवस बहुतेक त्यातच जातो. इथे ओनिकान भागात योरुबा संस्कृती आणि इतिहासाचं जॉन रँडल केंद्र झालंय. रँडल हे इथले आफ्रिकी डॉक्टर. शहरातल्या पोरांना पोहायला शिकता यावं म्हणून १९२८ मध्ये त्यांनी बांधलेल्या तलावाच्या आवारातच हे केंद्र आहे. ते पाहिल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. या वारशाचं फिरतं संग्रहालय काढलं, तर त्याने कुठून निघावं आणि कुठे कुठे थांबावं? मायबोलीकर-मिपाकरांपैकी बरेच जण आफ्रिकेत, अमेरिकेत राहतात, काहींनी संग्रहालयांत काम केलंय, म्हणून धागा काढतेय.

थोडी पार्श्वभूमी. योरुबा लोक मुख्यतः नायजेरियाच्या नैर्ऋत्येला, शिवाय शेजारच्या बेनिन आणि टोगो देशांत. त्यांचं मूळपीठ इले-इफे. ओदुदुवा आकाशातून साखळीने खाली उतरला, आणलेली माती त्याने पाण्यावर टाकली, कोंबडीने ती उकरून पसरवली आणि जमीन तयार झाली. ती जागा म्हणजे इफे, अशी त्यांची श्रद्धा. याच इफेमध्ये १९३८ साली राजवाड्याजवळ घराचा पाया खणताना धातूची, जवळजवळ खऱ्या माणसाच्या आकाराची शिरं सापडली. साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकातली. त्यांतलं एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बाकीची मुख्यतः नायजेरियात.

इफेच्या या कलेचं मोठं फिरतं प्रदर्शन २००९ मध्ये स्पेनमधून निघालं, २०१० मध्ये लंडनला आलं आणि तिथून अमेरिकेत ह्यूस्टन, रिचमंड, इंडियानापोलिस असं गेलं. प्रदर्शन उत्तमच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वाटेवर ब्राझीलचं साल्वादोर नव्हतं, क्यूबाचं हवाना नव्हतं. ज्या बंदरांत योरुबा माणसं साखळदंडांत उतरवली गेली आणि जिथे त्यांच्या देवता आजही पुजल्या जातात, तीच बंदरं वगळली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओयो हे योरुबांचं साम्राज्य ढासळलं, गावागावांत लढाया पेटल्या आणि पकडलेली माणसं हजारोंनी किनाऱ्यावर विकली गेली. बाइयात (साल्वादोर ज्यात आहे तो ब्राझीलचा प्रांत) आणि क्यूबात त्यांतली खूप जण पोचली. ती तुलनेने उशिरा आणि मोठ्या संख्येने गेली, म्हणून गाणी, देवता, विधी एकमेकांच्या आधाराने टिकले. ब्राझीलमध्ये कांदोम्ब्ले, क्यूबात सांतेरिया, त्रिनिदादमध्ये ओरिशा पंथ.

मला जे मांडायचंय ते याच्या पुढचं आहे. ही वाट एकेरी नव्हती. १८३५ च्या जानेवारीत, रमजानच्या अखेरीस, साल्वादोरमधल्या मुस्लिम गुलामांनी आणि मुक्त झालेल्या आफ्रिकींनी उठाव केला. त्यांत योरुबा खूप होते. उठाव चिरडला गेला, अनेकांना हद्दपार केलं, आणि त्या दशकापासून माणसं बाइयाहून परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येत राहिली. लागोसमध्ये त्यांना 'अगुदा' म्हणतात. गवंडीकाम, सुतारकाम, शिवणकाम असे हुन्नर घेऊन ती आली, आणि लागोस बेटावरच्या जुन्या घरांचे नक्षीदार गिलावे, कमानीच्या खिडक्या त्यांच्याच हातच्या. शेजारच्या बेनिन देशातल्या पोर्तो-नोवोची जुनी मोठी मशीद बघा, बाइयाच्या चर्चसारखी दिसते! आफ्रिका हे मूळ आणि अमेरिका ही फांदी, एवढंच सांगणारं संग्रहालय मला अपुरं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी

खाडीकाठताई, धाग्यासाठी मनापासून आभार. ह्यूस्टनला ते प्रदर्शन आलं तेव्हा मी पाहिलंय. शिरांसमोर उभं राहिलं की आधी चेहऱ्यावरच्या रेघा दिसतात. कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक, उभ्या, समांतर, जणू ओल्या मेणावर एकेक ओढलेली (आणि तसंच आहे, मेणाचा साचा करून ओतकाम केलेलं). काहींच्या केसांच्या कडेने आणि ओठांभोवती छिद्रांच्या ओळी आहेत. त्यांत मुकुट, केस किंवा मण्यांच्या माळा अडकवत असावेत, असे तर्क आहेत. ओठांची कड, गालांची मांसलता इतकी खरी की नाव विचारावंसं वाटतं.

जर्मन संशोधक फ्रोबेनियस १९१० मध्ये इफेला गेला. तिथली कला पाहून तो म्हणाला, ही आफ्रिकेची असणं शक्य नाही, ही बुडालेल्या अटलांटिसची, ग्रीकांच्या कुठल्याशा वसाहतीची. इतकं सुंदर काम आफ्रिकी हातांचं असेल हे मानायची तयारीच नव्हती. म्हणून माझं मत: खरी शिरं गेलीच पाहिजेत, आणि साल्वादोरला आधी. ज्यांच्या पूर्वजांना माणूसच मानलं नाही, त्यांनी ती समोर उभं राहून पाहावीत.

शाईदौत

लेख आवडला. एक शंका: बेनिन ब्राँझ म्हणतात ती हीच का? जर्मनीने परत दिली ती?

खाडीकाठ

नाही, ती वेगळी. ती बेनिन राज्याची, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या बेनिन सिटीच्या एडो लोकांची. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने राजवाडा लुटला तेव्हा ती युरोपात गेली, आणि २०२२ मध्ये जर्मनीने आपल्याकडच्या वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. नातं मात्र आहे. बेनिनचं राजघराणं इफेहून आलेल्या ओरानमियानपासून सुरू झालं, असं परंपरा सांगते.

योरुबांच्या बाबतीत एक वेगळाच किस्सा आहे. इकेरे या योरुबा गावच्या राजवाड्यासाठी ओलोवे या शिल्पकाराने लाकडी दरवाजा कोरला. एका फळीवर राजा, दुसऱ्या फळीवर पालखीवजा वाहनातून येणारा इंग्रज अधिकारी. १९२४ मध्ये वेंबलीच्या साम्राज्य प्रदर्शनात तो मांडला गेला. ब्रिटिश म्युझियमला तो हवा होता. राजाने बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन घेतलं आणि ओलोवेकडून राजवाड्यासाठी नवा दरवाजा करून घेतला. हा दरवाजाही फिरत्या संग्रहालयात हवा असं मला वाटतं, कारण तो लुटलेला नाही, तरीही कोणाच्या सत्तेच्या काळात ही अदलाबदल झाली ते विसरता येत नाही.

पाऊलवाट

मी काही काळ शाळांसाठीच्या प्रदर्शनांचं काम केलंय, त्यामुळे व्यवहाराचं बोलतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची संग्रहालय-बस २०१५ पासून गावोगावी जाते. ती यशस्वी होते कारण मुलं आत शिरून वस्तूंच्या प्रतिकृती हाताळतात. दर्यावर्दींचं म्हणणं पटतं, पण इफेचं शिर बसमध्ये नेता येणार नाही. विमा, पहारा, तापमान, दमटपणा, हादरे. शिर गेलं की संग्रहालय महानगरातल्या मोठ्या इमारतीतच अडकणार. लाकूड तर त्याहून नाजूक, कोरड्या हवेत तडकतं.

फिरायचंच असेल तर ज्या वस्तू आजही बनताहेत त्या न्या. कापड घ्या. अबेओकुटा, ओशोग्बोकडचं अदिरे. कसाव्याच्या पिठाची खळ करायची, कोंबडीच्या पिसाने कापडावर नक्षी काढायची, वाळली की नीळ भरलेल्या रांजणात बुडवायचं. खळ लागलेल्या जागी नीळ बसत नाही, तिथे फिकी नक्षी उरते. त्यात इबादानच्या मापो सभागृहाचे खांब रांगेने काढलेला एक प्रसिद्ध नमुना आहे. एका शहराचा अभिमान बायकांनी लुगड्यावर आणला. कापड घडी घालून नेता येतं, फाटलं तर कारागीर दुसरं करतो, आणि त्याला त्याचे पैसे मिळतात.

माजघर

खाण्याचं कोणी बोलतच नाही! मी ब्राझीलमध्ये राहते, साल्वादोरला गेले की रस्त्यावरच्या आकाराजेच्या गाड्यापुढून हलत नाही. पांढरे झालरीचे कपडे, डोक्याला फेटा, गळ्यात आपल्या देवतेच्या रंगाचे मणी घातलेली बाइयाना बसलेली असते. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, कांदा-मीठ घालून ते पीठ लाकडी चमच्याने इतकं फेटायचं की फुलून हलकं व्हावं. मग देंदे, म्हणजे लाल पाम तेलात तळायचं. तळहाताएवढा वडा मधोमध चिरून आत वातापा (एक दाट सारण), सुकी कोळंबी, तिखट. आपले चवळीचे वडे आठवतात, पण त्या तेलाचा वास सगळं वेगळं करून टाकतो.

हा मुळात वादळाच्या देवीचा, यान्सांचा, नैवेद्य. गुलाम आणि मुक्त बायकांनी तो डोक्यावरच्या टोपलीतून विकला, त्या पैशांतून स्वतःला, नातेवाइकांना सोडवलं, पूजाघरं चालवली. बाइयानांच्या या कामाला ब्राझीलच्या वारसा संस्थेने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलंय. फिरत्या संग्रहालयाच्या दारात चूल नसेल तर मी येणार नाही, सरळ सांगते.

खाडीकाठ

माजघरताई, लागोसमध्ये तोच वडा आकारा नावाने सकाळी रस्त्यावर मिळतो, साधा, बिनसारणाचा, सोबत मक्याची पेज. शनिवारी सकाळी तर ठरलेला. आणि उलट दिशेचं उदाहरण म्हणजे फ्रेजोन. नारळाच्या दुधात शिजवलेली, गाळून मऊ केलेली घेवड्याची गोड खीर, मासळीबरोबर वाढतात. ब्राझीलहून परतलेल्या घराण्यांत गुड फ्रायडेला ती होतेच. माझ्या शेजारच्या आजी दरवर्षी डबा पाठवतात. संग्रहालयाच्या एका चुलीवर आकारा आणि दुसरीवर फ्रेजोन असेल तर माझा सगळा मुद्दा न बोलता पोचेल.

उंबरठा

सगळे काय न्यायचं ते बोलताय. काय नेऊ नये, हेही बोलायला हवं.

पहिलं, जागा. ओशोग्बोचं ओशुन देवीचं वन ७५ हेक्टरचं, २००५ पासून जागतिक वारसा यादीत. त्यातली शिल्पं ऑस्ट्रियाहून आलेल्या सुझान वेंगर यांनी स्थानिक कारागिरांबरोबर उभी केली, नाहीतर ते वन विकलं-तोडलं गेलं असतं. ऑगस्टच्या उत्सवात कुमारिका डोक्यावर नैवेद्याचा भोपळा घेऊन मिरवणुकीने नदीवर जाते. यातलं एकही शिल्प उचलून नेलं तर ते नुसतं शिल्प उरेल. नदी न्यायची कशी? आणि नदी स्वतःच प्रवासात बदलते. नायजेरियात येमोजा ही ओगुन नदीची देवी. ब्राझीलमध्ये ती येमांजा झाली, समुद्राची झाली. २ फेब्रुवारीला साल्वादोरच्या रिओ व्हेर्मेल्यो किनाऱ्यावर कोळी होड्या भरून फुलं, अत्तर, आरसे तिला अर्पण करतात. ज्यांना समुद्रातून आणलं, त्यांनी नदीच्या आईला समुद्राची आई केलं. हे मांडायला वस्तू कमी आणि माणसं जास्त लागतील.

दुसरं, वाद्यं. क्यूबातल्या बाटा ढोलांच्या संचात तीन ढोल असतात, आणि विधीने प्रतिष्ठा केलेल्या संचात 'आन्या' ही शक्ती वसते असं मानतात. त्याला दीक्षा घेतलेलेच हात लावतात. १९३० च्या दशकात क्यूबाचे अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी हवानात लोकांसमोर बाटा वाजवून दाखवले, तेव्हा प्रतिष्ठा न केलेला वेगळा संच बनवून घेतला गेला. म्हणजे मार्ग त्या समाजानेच काढून ठेवलाय. काचेच्या पेटीत प्रतिष्ठित ढोल ठेवायची गरजच नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं. रिओ द जानेरोमध्ये पोलिसांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे कित्येक दशकं पूजाघरांवर धाडी घातल्या. मूर्ती, ढोल, आसनं, माळा जप्त केल्या आणि पोलिसांच्याच संग्रहालयात 'काळी जादू' या नावाखाली ठेवल्या. पाचशेच्या वर वस्तू! मेनिनाझिन्या द ओशुन आणि इतर पूजाघरांच्या प्रमुखांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा २०२० मध्ये त्या रिओच्या प्रजासत्ताक संग्रहालयात हलवल्या गेल्या. आता त्यांची देखभाल कशी करायची, काय लोकांना दाखवायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे पूजाघरांच्या माणसांबरोबर बसून ठरतं. फिरतं संग्रहालय कोणीही काढो, ही अट पहिल्या पानावर हवी.

शाईदौत

उंबरठा, तिसऱ्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर.

मला कवड्यांबद्दल लिहायचंय. योरुबा बाजारात वसाहतकाळापर्यंत कवडी हे चलन होतं. ४० कवड्यांची एक माळ, २,००० ची एक राशी, २०,००० चं पोतं, ते म्हणजे एका माणसाच्या डोक्यावरचं पुरतं ओझं. या कवड्यांचा मोठा वाटा मालदीवचा. युरोपी जहाजं त्या हिंदी महासागरातून नेत, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवत आणि बदल्यात माणसं घेत. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी लहानपणापासून बघतोय. त्याच महासागरातली तीच कवडी तिकडे माणसाची किंमत झाली, हे समजल्यापासून ती माळ वेगळ्या नजरेने बघतो. पुढे योरुबांनी आणि क्यूबावासीयांनी सोळा कवड्या टाकून कौल लावायची रीत जपली. एका पेटीत मूठभर कवड्या आणि एक नकाशा ठेवला तरी मराठी माणसालाही त्या संग्रहालयात आपली जागा सापडेल.

पाऊलवाट

कौलाचा विषय निघालाच आहे तर इफा ही योरुबांची कौल लावायची पद्धत विसरू नका. बाबालावो, म्हणजे इफाचा पुजारी, सोळा पामबिया एका तळव्यातून दुसऱ्यात झपकन उचलतो. मागे एक उरली तर पाटावरच्या भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक. असं आठदा झालं की २५६ पैकी एक 'ओदू' (रेघांची खूण) ठरतो, आणि त्या ओदूची कवनं त्याला तोंडपाठ असतात. पाट आणि बिया बसमध्ये सहज मावतील. पण कवनं म्हणणारा माणूस लागेल, म्हणून म्हणतो, वस्तूंच्या बजेटपेक्षा माणसांच्या प्रवासखर्चाचं बजेट मोठं ठेवा.

दर्यावर्दी

पटलं. शिरं मोठ्या शहरांत, माणसं आणि कापड बसमध्ये, असे दोन भाग करू. पण मार्गात दोन थांबे वाढवा.

एक, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मोबाइल शहर. क्लोटिल्डा हे अमेरिकेत गुलाम आणणारं शेवटचं ज्ञात जहाज, १८६० मध्ये, चोरून आलं. पुरावा नको म्हणून ते जाळून बुडवलं, त्याचे अवशेष २०१९ मध्ये ओळखले गेले. त्यातून आलेल्यांनी सुटकेनंतर परत जाता येईना म्हणून स्वतःचं गाव वसवलं, आफ्रिकाटाउन. त्यांतला कोसोला, ज्याला अमेरिकेत कजो लुईस म्हणत, योरुबा होता आणि १९३५ पर्यंत जगला. त्याचे वंशज आजही तिथे आहेत.

दुसरा थांबा फ्रीटाउन. सॅम्युअल अजायी क्राउदर यांना १८२१ मध्ये पोरवयात पकडून विकलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश नौदलाने ते पोर्तुगीज जहाज अडवलं आणि त्यांना सिएरा लिओनमध्ये उतरवलं. तिथे शिकून ते १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले, योरुबात बायबल आणण्यातही त्यांचा मोठा हात. फ्रीटाउनहून परतलेल्यांना लागोसमध्ये 'सारो' म्हणतात. म्हणजे परतीच्या वाटाही दोन होत्या.

खाडीकाठ

दर्यावर्दी, दोन्ही थांबे घेतले. परतीच्या वाटेवर माझी दोन नावं आणि एक इमारत.

मार्तिनियानो दो बोन्फिम. साल्वादोरला जन्म, आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. तरुणपणी लागोसला शिकायला आले, बरीच वर्षं राहिले, बाबालावो होऊन बाइयाला परतले. पुढे १९१० मध्ये ओपो अफोंजा हे पूजाघर स्थापन करणाऱ्या माय अनिन्या यांना त्यांनी साथ दिली आणि शांगोच्या (विजेचा देव, परंपरेने ओयोचा राजा) बारा मंत्र्यांची प्रथा तिथे सुरू झाली, ओयोच्या दरबाराची आठवण धरून. त्याच पूजाघराच्या माय सेन्योरा यांना १९५२ मध्ये ओयोच्या राजाकडून मानाची पदवी आली. ते पत्र फ्रेंच छायाचित्रकार पिएर व्हेर्जे यांनी नेलं. शंभर वर्षांहून जास्त काळ समुद्रापलीकडे असलेल्या लोकांना मूळ दरबाराने आपलं म्हटलं. हे पत्र मला प्रत्येक मुक्कामावर हवंय.

इमारत म्हणजे इलोजो बार. लागोस बेटावर १८५५ मध्ये बांधलेलं ब्राझिली धाटणीचं दुमजली घर, १९५६ पासून राष्ट्रीय स्मारक. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एका रविवारी ते पाडलं गेलं. आज मोकळी जागा बघताना संताप येतो. साल्वादोरमध्ये कासा ब्रांका हे पूजाघर १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा ठरलं, तिथेही जमिनीवरून भांडण होतं, पण लोक उभे राहिले म्हणून वाचलं. इथल्या उरलेल्या घरांसाठी तसं कोणी उभं राहावं, म्हणून संग्रहालय लागोस बेटावर यायला हवं, त्याच गल्ल्यांत.

उंबरठा

मग सुरुवात लागोसहून की शेवट लागोसला?

खाडीकाठ

माझ्या मते सुरुवात साल्वादोरहून. मग क्यूबातलं मातान्झास, हवाना, मोबाइल, फ्रीटाउन, पोर्तो-नोवो आणि शेवटचा, सगळ्यात लांब मुक्काम लागोस आणि इफे. परतलेल्यांच्या दिशेने.

पाऊलवाट

मला हे अजून पटत नाहीये. साल्वादोरकरांना त्या प्रदर्शनातली इफेची एकही वस्तू स्वतःच्या गावात पाहता आली नाही. ती तिकडे पोचवायची तर निघावं लागेल इफेहूनच, तिथल्या ओनींचा, म्हणजे राजाचा, निरोप घेऊन. परतीचा प्रवास दुसऱ्या फेरीत करा. पैसा दोन फेऱ्यांचा उभा करावा लागेल, पण एका फेरीत दोन्ही दिशा कोंबू नयेत.

माजघर

दोन फेऱ्या म्हणजे चूल दोनदा पेटणार. माझं मत पाऊलवाटला.